दीपगृहापुढचे खडक

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी मांजरी हे गाव आहे. तेथून समुद्र दिसत नाही, की लाटांची गाज ऐकू येत नाही. तरीही मृग नक्षत्र जवळ आले, की तेथील शेतकऱ्याची नजर पश्चिमेच्या आभाळाकडे लागते. नैर्ऋत्येचा वारा सुटतो, काळे ढग सह्याद्री ओलांडून येतात आणि तापलेल्या जमिनीवर पहिल्या सरी कोसळतात. हा वारा शेकडो कोस समुद्रावरून वाहत आलेला असतो. त्याने आणलेल्या पाण्यावर शेते पिकतात, विहिरी भरतात आणि माणसे जगतात.

परंतु जो वारा शेतकऱ्याला जीवनदाता वाटतो, तोच एके काळी खलाशाला काळासारखा वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच वाऱ्याने कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक तारवे फोडली. त्या नौकांचे अवशेष समुद्राच्या तळाशी केव्हाच विरून गेले. मात्र त्यांच्या नाशातून माणूस जे शिकला, ते आजही हजारो जीव वाचवीत आहे.

तो काळ शिडांच्या जहाजांचा होता. जहाजाला यंत्र नव्हते. वारा असेल तर ते चाले, वारा पडला की जागीच डुलत राही, आणि वारा खवळला की त्याच्या मर्जीवर जाई. इंग्लंडहून निघालेले जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी मुंबईला पोचे. वाटेत त्याचे काय झाले, हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तारायंत्र अजून यायचे होते, बिनतारी संदेशाची तर कल्पनाही कोणाला नव्हती. ठरलेल्या सुमारास जहाज आले नाही, तर लोक आणखी एक महिना वाट पाहत, मग आणखी एक. शेवटी वाट पाहणे थांबे. १८०८ च्या नोव्हेंबर महिन्यात आणि १८०९ च्या मार्च महिन्यात हिंदुस्थानातून इंग्लंडकडे परतणाऱ्या दोन ताफ्यांना हिंदी महासागरात वादळाने गाठले. पहिल्या ताफ्यातील तीन आणि दुसऱ्या ताफ्यातील चार, अशी ईस्ट इंडिया कंपनीची सात जहाजे माणसांसह नाहीशी झाली.

खोल समुद्रातील वादळ भयंकर खरे. तथापि अनुभवी खलाशाला त्याहूनही किनाऱ्याची भीती अधिक वाटे. हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. किनारा म्हणजे सुरक्षित जागा, असा आपला समज असतो. पण शिडाच्या जहाजाची गोष्ट निराळी होती. भर समुद्रात वादळ झाले, तर शिडे उतरवून वारा नेईल तिकडे वाहत जाता येई. कारण आपटण्यासारखे तेथे काही नसे. किनारा जवळ असला आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असला, तर मात्र जहाज खडकाकडे ढकलले जाई. त्याला वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेने जाता येत नसे. अशा वेळी नांगर धरला तरच आशा. दोर तुटला की सारे संपले. कोकणचा किनारा दक्षिणोत्तर पसरलेला आहे आणि पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे चार महिने हा सारा किनारा वाऱ्याच्या वाटेतच उभा असतो.

कोकणातील कोळी, भंडारी, खारवी इत्यादी दर्यावर्दी लोकांना ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. पावसाळ्याची चाहूल लागताच ते आपली गलबते व मचवे किनाऱ्यावर ओढून घेत आणि झावळ्यांनी शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरच नव्या हंगामाला आरंभ होई. ही नुसती रूढी नव्हती. अनेक बुडालेल्या नौकांनी शिकवलेला तो नियम होता. दूर देशाहून येणाऱ्या मोठ्या जहाजांना मात्र तो पाळणे कठीण जाई. वसंत ऋतूत इंग्लंडचा किनारा सोडलेले जहाज नेमके पावसाळ्यात मुंबईजवळ येऊन पोचे. परत फिरणे शक्य नसे आणि थांबायला जागा नसे.

जहाजे कमकुवत होती म्हणून ती फुटत, असे मात्र नव्हे. खुद्द मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल कारागीर मलबारी सागवानाची जहाजे बांधीत असत, आणि त्या जहाजांची ख्याती साऱ्या जगात होती. १८०५ मध्ये मुंबईत बांधलेली ‘साल्सेट’ ही युद्धनौका १८०८-०९ च्या हिवाळ्यात उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रात बर्फात अडकली. कित्येक आठवडे बर्फाने तिला आवळून धरले, तरी तिचे सागवान फुटले नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन इंग्लंडहून निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेच्या हाती पडून नष्ट झाले होते. त्यामुळे नकाशांच्या दुसऱ्या प्रती मुंबईस पाठवाव्या लागल्या. त्या नकाशांवरून उभी राहिलेली ही मुंबईची नौका दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते.

लाकूड बळकट होते, कारागिरी उत्तम होती, खलाशी धाडसी होते. मग उणीव कशाची होती? उणीव होती ती ज्ञानाची. आपण या क्षणी नेमके कोठे आहो, हे जहाजावरील माणसांना पुष्कळदा निश्चित सांगता येत नसे.

समुद्रावर रस्ते नाहीत आणि मैलाचे दगडही नाहीत. तेथे स्थान ओळखायचे तर आकाशाकडे पाहावे लागते. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे, किंवा रात्री ध्रुवतारा किती उंच आहे, हे मोजले की अक्षांश कळतो. म्हणजे जहाज किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे, ते समजते. पूर्व-पश्चिम स्थान, म्हणजे रेखांश काढणे याहून पुष्कळ अवघड असते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. अर्थात एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. म्हणून इंग्लंडची वेळ दाखवणारे घड्याळ जवळ ठेवून जहाजावरील स्थानिक वेळेशी ते ताडून पाहिले, की त्या दोन वेळांतील फरकावरून रेखांश मिळतो. मात्र घड्याळ अत्यंत अचूक असले पाहिजे. एखादे घड्याळ दररोज केवळ एक सेकंद पुढे जाते, असे समजा. चार महिन्यांच्या प्रवासात ते दोन मिनिटे पुढे जाईल. दोन मिनिटे म्हणजे अर्धा अंश, आणि मुंबईच्या अक्षांशावर अर्धा अंश म्हणजे सुमारे ५२ किलोमीटर. किनारा अजून ५० किलोमीटर दूर आहे, असे मानून कप्तान निर्धास्त असावा आणि पुढच्याच लाटेबरोबर जहाज खडकावर आदळावे, इतका अनर्थ एका सेकंदाच्या चुकीत साठवलेला असे.

पावसाळ्यात तर हाही आधार सुटे. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नसे, तारे दिसत नसत. मग केवळ अंदाजाने चालावे लागे. गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून वाळूच्या घड्याळातील वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून सरकतात, हे खलाशी मोजीत आणि त्यावरून वेग ठरवीत. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. शिशाचा जड गोळा दोरीने तळापर्यंत सोडून पाणी किती वाव खोल आहे, तेही पाहत. दोन्ही हात पसरले असता जेवढे अंतर होते, ते एक वाव होय. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून येणारी वाळू, चिखल वा शिंपले पाहून जाणता खलाशी किनाऱ्याचा अंदाज करी. ही साधने साधी होती, परंतु काळोखात आणि तुफानात तीच काय ती सोबत असे.

या सर्व अडचणी एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचा दारुण प्रत्यय मुंबईला १८४० मध्ये आला. मुंबई बेटाच्या दक्षिणेस कुलाब्याची जमीन समुद्रात शिरलेली आहे. तिच्या टोकाशी दीपगृह होते. बंदराची वाट दाखवणारा तो दिवा कित्येक वर्षे तेथे जळत होता. परंतु जमीन संपली तेथे खडक संपत नव्हते. दीपगृहाच्या पुढे, पाण्याखाली, खडकांची एक लांब रांग नैर्ऋत्येकडे दूरवर गेलेली होती. ओहोटीच्या वेळी त्यांतील काही खडक उघडे पडत. भरतीला ते सारे झाकले जात. १८४० च्या जून महिन्याच्या मध्यास, पावसाळ्याच्या ऐन तोंडाशी, ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजे मुंबईच्या दाराशी आली. पहिल्या जहाजावर लष्करात नव्याने भरती झालेले शिपाई होते. महिनोगणती समुद्र कापून ते आता मुक्कामाच्या अगदी जवळ पोचले होते. एकाच वादळात ही दोन्ही जहाजे कुलाब्याच्या दीपगृहाजवळील खडकांवर फुटली. अनेक जणांना जलसमाधी मिळाली.

या घटनेचे दुःख एवढ्यासाठी अधिक, की ती माणसे अज्ञात समुद्रात मेली नाहीत. एका मोठ्या शहराच्या दाराशी, दीपगृहाच्या सावलीत त्यांचा अंत झाला. दिवा होता, पण धोका दिव्याच्या पुढे पसरलेला होता. मार्ग दाखवणारा दिवा नुसता असून भागत नाही. जेथे धोका आहे, तेथे तो असावा लागतो.

समुद्राने दिलेला धडा गिरवायला माणसाला वेळ लागतो, परंतु तो गिरवणारी माणसे त्या काळीही होती. जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडमधील दर्यावर्दी त्यांपैकी एक. १७८६ मध्ये त्याचे ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर आदळून फुटले. नकाशातील चूक हे त्याचे कारण होते. दुसरा कोणी असता, तर नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसला असता. हॉर्सबर्गने मात्र त्या दिवसापासून खडक, बेटे, प्रवाह आणि वारे यांच्या नोंदी ठेवण्याचा ध्यास घेतला. पूर्वेकडील समुद्रांत वर्षानुवर्षे हिंडून त्याने त्या जमवल्या. हवेचा दाब दाखवणाऱ्या वायुभारमापकातील पारा उष्ण प्रदेशात रोज ठराविक वेळी दोनदा किंचित चढतो व दोनदा उतरतो, हेही त्याने टिपून ठेवले. ही नेहमीची चढउतार ठाऊक झाल्यामुळे वादळाआधी होणारी पाऱ्याची घसरण वेगळी ओळखणे सोपे झाले. त्याचा प्रवासमार्गदर्शक ग्रंथ १८०९ ते १८११ या काळात प्रसिद्ध झाला आणि १८१० मध्ये कंपनीने त्याला आपला सागरी नकाशाकार नेमले. एका फुटलेल्या जहाजाने असंख्य जहाजांना सुरक्षित वाट दाखवली, ती अशी.

मुंबईतही हे काम चालू झाले होते. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ ठरवणे आणि त्यायोगे जहाजांच्या दळणवळणास साहाय्य करणे, हा तिचा मूळ हेतू होता. बंदर सोडण्यापूर्वी जहाजावरचे घड्याळ बरोबर लावून घेता आले, तर रेखांशातील चूक आरंभापासूनच टळे. पुढे १८४१ पासून तेथे हवामानाची व पृथ्वीच्या चुंबकत्वाची पद्धतशीर निरीक्षणे होऊ लागली. ‘दर्पण’ या मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेचे काम काही काळ पाहिले. कुलाब्याच्या खडकांवर ती दोन जहाजे फुटली, त्याच सुमारास अलिबागजवळच्या नागाव येथील एक पंधरा वर्षांचा मुलगा वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे नामवंत अध्यापक म्हणून केरूनाना छत्रे या नावाने ते प्रसिद्धीस आले. वेधशाळेतील निरीक्षकाचे काम दिसायला क्षुल्लक असते. ठरल्या वेळी यंत्रासमोर उभे राहावे, आकडा पाहावा आणि तो वहीत नोंदवावा. पुन्हा ठरल्या वेळी तेच करावे. त्यात शौर्याचा देखावा नाही. परंतु अशा हजारो आकड्यांमधूनच वाऱ्याचा आणि वादळाचा स्वभाव उलगडतो.

वादळांचाही अभ्यास याच काळात सुरू झाला. कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या गोळा करून त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. कोणत्या जहाजावर कोणत्या दिशेने वारा होता, हे नकाशावर मांडल्यावर दिसून आले, की मोठे वादळ सरळ रेषेत धावत नाही. एका केंद्राभोवती वारे सर्पाच्या वेटोळ्यासारखे फिरत असतात. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या वादळांसाठी ‘सायक्लोन’ हा शब्द वापरला. मराठीत त्याला चक्रीवादळ म्हणतात. यातून खलाशांना एक सोपा नियम मिळाला. विषुववृत्ताच्या उत्तरेस वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, की वादळाचे केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते. केंद्र कोठे आहे हे कळले, म्हणजे त्यापासून दूर कसे जावे हेही ठरवता येते. वादळ थांबवणे माणसाच्या हाती नव्हते, परंतु त्याला चुकवणे आता काही अंशी हाती आले.

आणि दिव्यांचे काय झाले? मुंबई बंदराच्या दक्षिणेस, जेथे पूर्वी मराठ्यांच्या आरमाराचा दरारा होता, त्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. पुढे १८७५ मध्ये कुलाब्याच्या पुढील खडकांच्या रांगेवरच, प्रत्यक्ष समुद्रात, प्राँग दीपगृह बांधण्यात आले. सुमारे ४१ मीटर उंचीचा हा दगडी मनोरा भरतीच्या वेळी चोहो बाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. १८४० च्या अपघातानंतर पस्तीस वर्षांनी का होईना, दिवा आपल्या योग्य जागी, म्हणजे धोक्याच्या जागी जाऊन पोचला. प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाची उघडझाप निराळी ठेवण्याची पद्धतही रूढ झाली. त्यामुळे काळोखात दिसणारा दिवा कोणता, हे खलाशाला ओळखता येऊ लागले.

त्याच १८७५ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेले भयंकर चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ ही तिची कारणे होती. म्हणजे समुद्रावरील संकट आणि शेतावरील संकट या दोहोंतून हे खाते जन्माला आले. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी हवामानाच्या अभ्यासाचे मोठे काम पुण्यात चालूच राहिले. एका बाजूला समुद्रात जाणारा नाखवा आणि दुसऱ्या बाजूला मांजरीच्या रानात पेरणीसाठी खोळंबलेला शेतकरी, दोघेही एकाच वाऱ्याची वार्ता ऐकू लागले.

तरीही ज्ञान मिळवणे ही अर्धीच गोष्ट आहे. मिळालेले ज्ञान वेळेवर आठवणे आणि त्याप्रमाणे वागणे ही उरलेली अर्धी. याची कठोर आठवण १७ जुलै १९४७ रोजी झाली. त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट भर पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात, मुंबईपासून जवळच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सणासाठी गावी निघालेली कोकणातील साधी कुटुंबे होती. बोटीला यंत्र होते, जवळ दीपगृहे होती, नकाशे अचूक होते. समुद्र मात्र पूर्वीचाच होता.

समुद्र कोणाचा वैरी नाही आणि कोणाचा मित्रही नाही. तो आपल्या नियमांनी चालतो. ते नियम ज्यांनी प्राण देऊन इतरांना शिकवले, त्या शिपायांची, खलाशांची आणि प्रवाशांची नावे बहुधा कोठेच कोरलेली नाहीत. पण मुंबईच्या समुद्रात रोज रात्री प्राँगचा दिवा उजळतो. दूरवरून येणारे जहाज तो पाहून खडक टाळते आणि सुखरूप बंदरात शिरते. त्या अनामिकांचे स्मारक याहून चांगले कोणते असणार?

अभ्यास

१. खलाशांना भर समुद्रातील वादळापेक्षा किनाऱ्याची भीती अधिक का वाटे?
२. एखादे घड्याळ रोज दोन सेकंद मागे पडत असेल, तर चार महिन्यांनी मुंबईजवळ जहाजाच्या स्थानात सुमारे किती किलोमीटरची चूक होईल?
३. ‘दिवा होता, पण धोका दिव्याच्या पुढे पसरलेला होता.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. हॉर्सबर्ग व पिडिंग्टन यांनी झालेल्या हानीचा उपयोग कसा करून घेतला, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : जलसमाधी, ध्यास घेणे, निर्धास्त, मृत्युमुखी पडणे.